स्क्रुप्युलस : वाक्यात उपयोग करा

एकाहत्तर सालातली गोष्ट. मोठा दुष्काळ अजून यायचा होता, प्रवरेच्या कालव्याला पाणी होतं, देवळालीच्या शिवारात ऊस डोक्यावर गेला होता, आणि गावात ज्याला इंग्रजी कळे आणि ज्याला कळत नसे अशा दोघांनाही इंग्रजीचा सारखाच आदर होता. भाषणात इंग्रजी वाक्य आलं की माणसं आधी टाळ्या वाजवत आणि मग शेजारच्याला विचारत, "काय म्हनले?" आता इंग्रजी ऐकून कुणी टाळी वाजवत नाही. राधाकृष्ण मुसमाडे यांच्यावर जो प्रसंग ओढवला तो त्या टाळ्यांच्या काळातला.

राधाकृष्णराव शेतकी संघाचे गोडाऊन कीपर. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणे. खत, बियाणं, रॉकेल, साखर, सगळं त्यांच्या कुलपात. किल्ल्यांचा भला मोठा जुडगा कमरेला असे. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी तो खुळखुळला की घरात त्यांच्या पत्नी लंकाबाई चहाचं आधण ठेवत. घड्याळ घरात होतं, पण त्याच्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

आता गोडाऊनच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्याच्या घरी काय थाट असायला पाहिजे! पण इथं सगळा उलटा कारभार. साखरवाटपाच्या दिवशी लंकाबाई पिशवी घेऊन रांगेत सगळ्यात शेवटी उभ्या राहत, कारण कीपरची बायको पुढं दिसली तर लोक काय म्हणतील. भाऊसाहेबांच्या खिशात दोन पेन्सिली असत. तांबडी संघाची, हिरवी घरची. मुलीला पोस्टकार्ड लिहायचं तर हिरवी. एकदा चुकून तांबडीनं 'चि. सौ. राही हिस' एवढं लिहून झालं, तर त्यांनी ते कार्ड फाडून टाकलं आणि नवीन आणलं. गोडाऊनात पोती उचलताना जे खत सांडे ते केरसुणीनं गोळा करून एका पत्र्याच्या डब्यात भरत. डब्यावर चिठ्ठी होती, 'सांडलेले. संघाचे.' या सगळ्या प्रकाराला गावात बरीच नावं होती. त्यातलं एकही इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या वर्षी संघाचं नवं गोडाऊन बांधून झालं आणि उद्घाटनाला नगरहून कलेक्टर नंबियारसाहेब आले. साहेब केरळकडचे, तरुण, जिल्ह्यात नुकतेच रुजू झालेले. मराठी त्यांनी पुस्तकावरून शिकून घेतली होती. एकेक शब्द तोलून, धुऊन, इस्त्री करून बोलत. मंडपात जायच्या आधी ऑफिसात बसले असता त्यांनी खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. आईला दोन ओळी लिहायच्या होत्या. त्यांच्या पेनातली शाई संपली होती, म्हणून त्यांनी टेबलावरच्या पेनाकडं हात नेला.

"साहेब, ते संघाचं आहे," भाऊसाहेब म्हणाले, आणि आपल्या खिशातलं पेन टोपण काढून पुढं केलं. "हे माझं खाजगी. हे घ्या."

चेअरमन सूर्यभान अण्णा तिथंच उभे होते. जिल्ह्याच्या साहेबाला पेन नाकारलेलं बघून अण्णांचा चेहरा पांढऱ्या टोपीसारखा झाला. साहेबांनी मात्र भाऊसाहेबांकडं बराच वेळ बघितलं, हसले आणि खाजगी पेनानं आईला पत्र लिहिलं.

मंडपात साहेबांचं भाषण झालं. "मी आज आनंदित आहे. गोदाम उत्तम आहे. गोदामपाल अधिक उत्तम आहे." इथं साहेब अडले. मराठी शब्द सापडेना. शेवटी त्यांनी तो नाद सोडला आणि माईकजवळ तोंड नेऊन ठासून म्हणाले, "ही इज अ स्क्रुप्युलस मॅन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लाऊडस्पीकरवाल्यानंही हातातली वायर सोडून टाळ्या वाजवल्या.

आता आपल्याकडं रिवाज असा, की गळ्यात हार पडला की तो लगेच काढून हातात घ्यायचा. तशीच स्तुती कानावर पडली की ती लगेच परत करायची. ठेवून घेतली तर माणूस हावरट दिसतो. भाऊसाहेब मॅट्रिकला इंग्रजीतच गेलेले. शब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, पण स्तुती आहे हे साहेबांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ते उठले, हात जोडले आणि जन्मात पहिल्यांदा माईकवर बोलले.

"साहेब मला स्क्रुप्युलस म्हणाले. हा साहेबांच्या मनाचा मोठेपणा. पण मी तसा मुळीच नाही. मी कधीच स्क्रुप्युलस नव्हतो. आमच्या घराण्यातही कुणी नव्हतं. या संघात मी जे काही केलं, त्यात चेअरमनसाहेबांचा आणि संचालक मंडळाचा मोठा वाटा आहे. आपला आशीर्वाद असू द्यावा, पुढंही मी असाच राहीन."

साहेबांना मिळाल्या त्याहून मोठ्या टाळ्या भाऊसाहेबांना मिळाल्या. अण्णांनी तर पाठीवर थाप मारली. फक्त साहेब टाळी वाजवत नव्हते. ते भाऊसाहेबांकडं, मग अण्णांकडं, मग ओळीनं सगळ्या संचालकांकडं बघत होते. पेढा त्यांनी तोंडात न घालता बशीत ठेवला आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

"काय म्हनला वो सायब तुमाला?" लंकाबाईंनी चहाबरोबर विचारलं.

"चांगलंच म्हणाला."

"ते कळलं. पन काय?"

इथून भाऊसाहेबांच्या झोपेचं वाटोळं झालं. आपल्याला भर मंडपात काहीतरी म्हटलं गेलं आहे, आपण ते भर मंडपात नाकारलं आहे, आणि ते काय होतं हे आपल्याला ठाऊक नाही, ही अवस्था मानी माणसाला सोसवणारी नाही. दुसऱ्या दिवशी ते सहज चालल्यासारखे फक्रुद्दीनच्या सायकल दुकानी गेले. तिथं पेन्शनर मच्छिंद्र गुरुजी पेपर वाचत बसलेले असत. सगळ्या गावाच्या शंका त्याच बाकड्यावर फिटत.

"स्क्रुप्युलस," गुरुजी डोळे मिटून म्हणाले. "लॅटिन आहे. फार खोल शब्द आहे. असा वरवर सांगता यायचा नाही."

"पन गुरुजी, सायब पेढा न खाता गेला," फक्रुद्दीन पंक्चर काढता काढता म्हणाला. "मंजी चांगला शब्द नसंल. भाऊसायेब, तुमची बदली तर न्हाई?"

"गोडाऊन कीपरची बदली कुठं होणार? एकच गोडाऊन आहे."

"आता दोन झाली की," फक्रुद्दीन म्हणाला.

"सायबानं तुमाला परमोशन देऊ केलं आसंल," एका गिऱ्हाइकानं सुचवलं, "आन् तुमी मानसांदेखत नको म्हन्ले." ही शंका भाऊसाहेबांच्या मनात रुतून बसली.

आता खरी गंमत अशी, की संघाच्या ऑफिसात काचेच्या कपाटात इंग्रजी-मराठी डिक्शनरी होती. त्या कपाटाची किल्ली भाऊसाहेबांच्याच कमरेला होती. दिवसातून कितीतरी वेळा ते त्या कपाटासमोरून जात. जाड पुठ्ठ्यावरची सोनेरी अक्षरं त्यांना दिसत, आणि ते मान फिरवून पुढं जात.

"आवो, मग बघा की त्यात!" लंकाबाई म्हणाल्या.

"ती संघाची आहे. शब्द मला म्हटलाय. माझं खाजगी काम आहे ते."

लंकाबाईंनी कपाळाला हात लावला. तो हात त्या संसारात इतक्यांदा लागला होता की आता आपोआप जाई.

भाऊसाहेबांनी रीतसर अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि हायस्कूलच्या वाचनालयात गेले. तिथल्या कारकुनानं सांगितलं की पुस्तक फक्त सभासदाला मिळतं, सभासदाला दोन शिक्षकांची शिफारस लागते आणि शिक्षक दिवाळीच्या सुट्टीवर गेले आहेत. भाऊसाहेबांनी गावात शिल्लक राहिलेले दोन शिक्षक हुडकले. एक ऊस तोडून घेत होते, दुसरे दाढी करून घेत होते. दोघांच्या सह्या घेऊन आल्यावर कारकुनानं कपाट उघडलं. डिक्शनरीच्या जागी पोकळी होती. मुख्याध्यापक ती घेऊन कोपरगावला सासुरवाडीला गेले होते. त्यांचे मेहुणे शब्दकोडी सोडवत, आणि त्या दिवाळीला पहिलं बक्षीस रेडिओचं होतं.

भाऊसाहेब परत आले तर संघाच्या दारात नगरची जीप उभी. आत दोन इन्स्पेक्टर बसलेले, समोर अण्णा घाम पुसताहेत. साहेबांचा हुकूम आला होता. गोदामपालानं जाहीर सभेत आपण स्क्रुप्युलस नसल्याचं मान्य केलं आहे, त्यात संचालक मंडळाचा वाटा असल्याचंही सांगितलं आहे, तरी सगळा माल मोजावा, किल्ल्या काढून घ्याव्यात आणि गोदामपालानं नगरला समक्ष येऊन खुलासा करावा.

"भाऊसायेब," अण्णा रडकुंडीला येऊन म्हणाले, "आमचा कशात वाटा हाय, तेवढं तरी सांगा!"

भाऊसाहेब हुकुमाकडं बघत होते. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता हा शब्द सरकारी कागदावर आला. म्हणजे आता तो खाजगी राहिला नाही. संघाची डिक्शनरी उघडायला हरकत नाही! त्यांनी कमरेला हात घातला आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरनं हात पुढं केला. "किल्ल्या."

जुडगा गेला. मग त्यांनी तिथंच उभ्या उभ्या अर्ज लिहिला, की खुलाशाच्या कामी कार्यालयीन शब्दकोश पाहण्यास मिळावा. इन्स्पेक्टरनं वाचला, मंजूर म्हणून शेरा मारला आणि कपाट उघडून दिलं. भाऊसाहेबांनी पानं उलटली. बोट खाली आलं आणि थांबलं. अत्यंत सचोटीचा, बारीकसारीक गोष्टीतही योग्य तेच करणारा, काटेकोर.

त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग आपलं भाषण आठवलं. मी कधीच नव्हतो. आमच्या घराण्यातही कुणी नव्हतं. वडील आठवले. दुसऱ्याच्या शेतातलं कणीस पायाला लागलं तरी बाजूला उचलून ठेवणारे वडील. त्यांनाही आपण माईकवरून त्यात ओढलं होतं. खाली बसायला खुर्ची होती, पण ती संघाची, आणि आपण आता संघाचे आहोत की नाही हे ठाऊक नव्हतं, म्हणून ते उभेच राहिले.

त्या संध्याकाळी गल्लीत जुडगा खुळखुळला नाही. लंकाबाईंनी आधण ठेवलं नाही. भाऊसाहेब उंबऱ्यात येऊन उभे राहिले तेव्हाच त्यांना कळलं, आणि मग सगळंच कळलं. माणसाच्या कमरेला इतकी वर्षं वजन असतं आणि एकदम नसतं, तेव्हा चालच बदलते. भाऊसाहेब त्या काळात एका अंगाला कलून चालत. पारावरची माणसं ते येताना दिसले की बोलणं थांबवत. ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं जास्तीचं पोतं नाकारलं होतं ते आता दयेनं बघत, आणि ते त्यांना सगळ्यात जास्त लागे.

अर्थ कळल्यावर त्यांनी तो घरात सांगितला. लंकाबाई म्हणाल्या, "मंजी तुमची खोड की ती! तिला इंग्रजीत नाव बी हाय व्हय?"

मच्छिंद्र गुरुजींनी आता सगळी सूत्रं हाती घेतली. "नुसता अर्थ कळून काय उपयोग? वाक्यात उपयोग करता आला पाहिजे. नगरला जायचं, साहेबापुढं ताठ उभं राहायचं आणि म्हणायचं, सर, आय ॲम अ स्क्रुप्युलस मॅन. म्हणा."

भाऊसाहेब म्हणाले, "सर, आय ॲम..." आणि थांबले.

"पुढं?"

"गुरुजी, ते दुसऱ्या कुणाबद्दल म्हणून बघू का? ही इज?"

"साहेबानं 'ही इज' म्हणून झालंय! आता 'आय ॲम'ची पाळी आहे."

फक्रुद्दीनच्या दुकानासमोर तालीम चाले. एव्हाना सगळ्या गल्लीला ते वाक्य पाठ झालं होतं. फक्रुद्दीन हवा भरताना प्रत्येक दट्ट्याला एकेक शब्द म्हणे. पलीकडची भागूबाई शेळीला ओढत नेताना "सर, आय ॲम, सर, आय ॲम," करत जाई. येत नव्हतं ते फक्त भाऊसाहेबांना. म्हणजे शब्द येत, पण तोंडातून बाहेर पडताना कान तापत.

नगरला जायच्या दिवशी लंकाबाई नवं लुगडं नेसून एस.टी. स्टँडवर हजर. "तुमच्या जिभेचा मला भरवसा न्हाई. मी बाहीर बसून ऱ्हाईन."

साहेबांच्या ऑफिसला झडपेचं दार होतं, खालून पाय दिसत आणि वरून आवाज येई. लंकाबाई बाहेर बाकड्यावर बसल्या. भाऊसाहेब आत गेले. टेबलावर किल्ल्यांचा जुडगा होता आणि शेजारी तो पत्र्याचा डबा, 'सांडलेले. संघाचे.'

"बसा," साहेब म्हणाले. "माल मोजला. कमी काही नाही. हा एक डबा अधिक आहे. तपासणी करणारे म्हणतात, हा कोठेच नोंदलेला नाही. आपण त्या दिवशी म्हणालात की आपण तसे नाही. डबा वेगळे सांगतो. म्हणून मी आपणांस सरळ विचारतो. आपण स्क्रुप्युलस आहात की नाही?"

वाक्याची वेळ आली होती. गुरुजींची तालीम, फक्रुद्दीनचा पंप, सगळं पाठीशी होतं. भाऊसाहेबांनी तोंड उघडलं. आपलं नाव, आपली नोकरी, सगळं त्या एका वाक्यावर होतं हे त्यांना समजत होतं. पण आपण चांगले आहोत असं आपल्याच तोंडानं, खुर्चीत बसून, परक्या माणसाला सांगायचं? तोंड मिटलं. त्यांनी नुसते हात जोडले.

"आपण उत्तर देत नाही," साहेब हळूच म्हणाले आणि त्यांनी जुडगा आपल्याकडं ओढला.

तो खुळखुळाट बाहेर लंकाबाईंनी ऐकला. तो आवाज त्यांना कुठूनही ओळखू आला असता. झडप धाडकन उघडली.

"आवो, बोला की! काय तोंडात गुळनी धरलीया?" मग त्या साहेबांकडं वळल्या. पदर डोक्यावर ओढला, पण आवाज काही ओढला नाही. "सायब, ह्यांना न्हाई बोलता यायचं. मी सांगते. ते इंग्रजी का काय ते मला म्हनाया येत न्हाई, पन ती खोड ह्या मान्साला हाय. लई हाय! पार मुरल्याली हाय! ह्यो डबा बघताव न्हवं? सवत हाय ती माजी. माज्या राहीचं लगीन हुतं. बाजारात साखर न्हाई आन् ह्यांच्या कुलपात थप्प्याच्या थप्प्या. चेरमन सोता म्हन्ले, एक पोतं न्या, मागनं बघू. तर हे न्हाई म्हन्ले! सगळ्या वऱ्हाडाला आमी गुळाचा च्या पाजला. याह्यानं कपाला तोंड लावलं आन् तसाच खाली ठिवला. आजून माज्या लेकीला सासरी त्या च्याचा टोमना हाय. मी रडले तर हे मला काय म्हनले? गूळ तब्येतीला चांगला! ह्याला कुनी चांगलं म्हनंल का सायब? तुमीच सांगा."

साहेबांनी डब्याकडं बघितलं, मग भाऊसाहेबांकडं. भाऊसाहेब खाली मान घालून बसले होते. राहीच्या चहाचं त्यांनाही लागलं होतं, फक्त ते कधी बोलले नव्हते. डोळ्यांतलं पाणी लपवायला रुमाल सापडेना.

"मग त्या दिवशी आपण 'मी नाही' असे का म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, कुणी चांगलं म्हटलं की नाही म्हणायचं असतं. आमच्यात तशी पद्धत आहे."

"म्हणजे चांगला माणूस सांगतो की मी चांगला नाही?"

"हो साहेब."

"आणि वाईट माणूस?"

"तोही तेच सांगतो."

साहेब खुर्चीत पुढं झुकले. "मग ओळखायचे कसे?"

भाऊसाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "घरी विचारावं लागतं, साहेब."

साहेब इतके हसले की शिपाई आत डोकावला. हसून झाल्यावर त्यांनी उभं राहून जुडगा दोन्ही हातांनी भाऊसाहेबांना दिला आणि पोच घेण्यासाठी एक कागद आणि आपलं पेन पुढं केलं. भाऊसाहेब पेन घेता घेता थांबले.

"साहेब, हे काम संघाचं धरायचं का माझं खाजगी?"

"बघा!" लंकाबाई साहेबांना म्हणाल्या. "बघितलं का?"

पुढं दुष्काळ आला. त्या वाईट काळात साहेब जीपमधून गावोगाव हिंडले, आणि भाऊसाहेबांच्या गोडाऊनातून वाटलेल्या धान्याबद्दल कुणाला ब्र काढायला जागा उरली नाही. दुष्काळ सरला आणि साहेबांच्या बदलीचा हुकूम आला. त्याच गोडाऊनपुढं निरोपाचा मंडप पडला. तोच लाऊडस्पीकर, तेच पेढे. अण्णा गहिवरून बोलले. "सायेब आले आन् सायेब गेले, पन नंबियारसायबावानी प्रामानिक अधिकारी ह्या जिल्ह्यानं पाह्यला न्हाई!"

टाळ्या झाल्या. साहेब उठले. गळ्यातला हार काढून त्यांनी हातात घेतला, हात जोडले आणि माईकजवळ आले.

"अण्णा मला प्रामाणिक म्हणाले. हा त्यांच्या मनाचा मोठेपणा. पण मी प्रामाणिक मुळीच नाही. मी कधीच नव्हतो. आणि जे काही मी केले, त्यात तुम्हा सर्वांचा मोठा वाटा आहे."

मंडप उठून उभा राहिला. बायकांच्या बाजूला लंकाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मच्छिंद्र गुरुजींना अलीकडं ऐकू कमी येई. त्यांनी शेजारी बसलेल्या भाऊसाहेबांना कोपरानं ढोसलं. "काय म्हणाले हो साहेब?"

भाऊसाहेबांनी कमरेचा जुडगा उगाचच चाचपला.

"मराठी आली त्यांना," ते म्हणाले.